जेवणघरातली मधली भिंत

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर. वागळे इस्टेटला छोटं ऑफिस, राहते कोपरला. या सदरातले अनुभव मी आजवर टाइमपास म्हणूनच वाचले. भिंतीतून आवाज आला की मला आधी पाइप आठवतो, भूत नाही. हेच दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं...

गेल्या वर्षी टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीच्या बाजूला, एका ख्रिश्चन कुटुंबाच्या इस्टेटीवर काम मिळालं. आंबा-चिकूची वाडी आणि मधोमध बंगला. मालक विल्फ्रेड अंकल. त्यांच्या पणजोबांनी तो दोन मुलांसाठी बांधलेला, आणि असा की कोणाला कमी-जास्त वाटू नये. डावीकडे जे, तेच उजवीकडे — ओटा, जिना, स्वयंपाकघर. सामाईक फक्त मधलं लांबलचक जेवणघर, वर सागवानी तुळया. सगळ्यांनी एकत्र जेवायचं, ही म्हाताऱ्याची अट.

पण त्या जेवणघराच्या मधोमध नंतर कोणीतरी भिंत घातली होती. तिच्या विटा जुन्या भिंतींत गुंतवलेल्या नव्हत्या, छपराचा भारही तिच्यावर नव्हता. नुसती घाईघाईत उभी केलेली.

"भावाभावांचं भांडण झालेलं म्हणे," अंकल म्हणाले. "डिटेल कोणाला माहीत नाही. मॅडम, मुलीचं लग्न आहे, रिसेप्शन इथेच करायचंय. पाडता येईल ना?"

"आरामात."

भिंतीपलीकडचा अर्धा बंगला त्यांच्या चुलत-चुलतभावाचा, रेजीचा. बंगलोरला वाढलेला, मराठी तोडकंमोडकं, आणि स्वभावाने इतका मऊ की घरातली पालसुद्धा मारू द्यायचा नाही. दोघांचं सख्ख्या भावांसारखं होतं.

भर दुपारी फोडायला घेतली. माणूस जाईल एवढं भगदाड पडलं, तर पलीकडे रेजी हसत उभा.

"वेलकम, वेलकम!" अंकलनी हात पुढे केला.

रेजी वाकून आत आला. त्याचे डोळे लाल झाले वगैरे मी म्हणणार नाही. तो हसतच होता. हसत हसत त्याने मजुराच्या हातातला घण घेतला आणि अंकलच्या खांद्यावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. अंकल कोसळले. रेजी त्यांच्या छातीवर बसला आणि ओरडायला लागला, "माजे बापाचं घर हाय! मना ताटावरशी उठवतंस? मना?"

इथल्या जुन्या लोकांची ही बोली त्याला येतच नव्हती!

आणि अंकल... तुटक्या खांद्याचे, साठी उलटलेले अंकल एका हाताने उठले आणि त्यांनी रेजीच्या गालाचा लचका तोडला. मग वीट उचलून त्याच्या तोंडावर, पुन्हा पुन्हा. रक्त फरशीवर, चुन्यात, दोघांच्या दातांत. मजूर केव्हाच पळाले होते. मी ओरडले, "रेजी, सोडा! अंकल!" आणि ओढायला म्हणून पुढे झाले.

भिंत फोडलेल्या जागी माझा पाय पडला, तोच मागून कोणीतरी माझे केस धरले. मुठीत. मान हिसडली गेली, मी पाठीवर आपटले आणि फरफटत दाराकडे जायला लागले. दोन्ही पुरुष मला समोर दिसत होते, एकमेकांच्या गळ्याला भिडलेले. मान वळवून मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. नुसतं ऊन.

उंबऱ्यावरून मला बाहेर ओट्यावर फेकलं. पाठोपाठ ते दोघेही झोंबत दाराबाहेर कोसळले, आणि बाहेर पडताक्षणी रेजीची पकड सुटली. तो अंकलकडे बघतच राहिला.

"विली! व्हॉट हॅपन्ड? कोण मारला तुला?"

स्वतःचा शर्ट फाडून तो त्यांचा खांदा बांधायला लागला. गालातून रक्त गळत होतं, ते त्याला कळतही नव्हतं.

कल्याणच्या हॉस्पिटलात अंकलनी सांगितलं, तुळई पडली. ज्या तुळया मीच पास केल्या होत्या... मी मान डोलावली. त्यांची बायको लोर्ना आंटी तेव्हा बाजारात गेलेली, तिलाही तेच सांगितलं. तिने मला बाहेरच्या बाकावर नेलं. मग म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने सांगितलेलं. थोरल्याने धाकट्या भावाला जेवणाच्या टेबलावरच मारला, डोकं फोडून. त्याची बायको मध्ये पडली, तर तिला केस धरून फरफटत बाहेर टाकली. गावात सांगितलं, माळ्यावरून पडला. थोरल्याने मग स्वतःच ती भिंत घातली. विल्फ्रेडला मी कधी बोलले नाही."

माझं काय झालं ते मी तिला सांगितलंच नव्हतं. डोक्यामागे हात नेला तर केसांचा पुंजका हातात आला, मुळांसकट.

भिंत पुन्हा उभी राहिली. लग्न वाडीत, मांडवात झालं. अंकलचा हात अजून पूर्ण वर होत नाही, तरी पंगतीत रेजीला त्यांनीच वाढलं.

मागच्या महिन्यात रेजीचा फोन आला. "मॅडम, विली बोलतो तुळई पडली. मला काय आठवत नाही. पण खरं सांगा... मीच मारला ना?"

सगळ्या थिअरीज मी तपासून बघितल्यात — धूळ, गॅस, शॉक. एकही पुरत नाही. शेवटी मला जे खरं वाटतं तेच त्याला म्हणाले, "घण तुमच्या हातात होता, रेजी. मारलं कोणी, ते मला खरंच माहीत नाही."

पलीकडे तो रडत होता. मी फोन ठेवला नाही.