कठड्याची खाट

आता हसू नका, पण सिस्टरबाईंनी पहिल्याच दिवशी माती खाल्ली. नव्या पेशंटसमोर खुळखुळा वाजवला आणि वर लाडात विचारलं, "अले अले, कोण आलंय आमच्याकडे?"

पेशंट शांतपणे म्हणाली, "मी सहावीत आहे."

सिस्टरबाई एवढ्या हसल्या की त्यांना बसावंच लागलं. पोर मात्र हसली नाही. तिला सवय होती. शाळेत नाव पडलं होतं पिटुकली. घरी तर सगळाच उलटा कारभार, धाकटीला आखूड झालेले फ्रॉक थोरलीच्या अंगात!

बाबा सकाळी तिला सोडून कामावर गेले. आई तापानं फणफणलेल्या धाकटीपाशी. शेजारच्या खाटांना आज्या, माम्या, डबे यांचा गराडा, आणि हिच्या सोबतीला हाताच्या शिरेत खुपसलेली नळी. त्या नळीतून सिस्टरबाई दर थोड्या वेळानं रक्त काढायच्या. पिटुकली बाबांना फोन लावायची. रिंग वाजत राहायची, बंद पडायची. मग ही भिंतीकडे तोंड करून पडायची.

"एकदाच काय ते काढा ना रक्त."

"अगं, हार्मोन म्हणजे काय नळाची धार? थोडं येतं, थांबतं, परत येतं. मेंदू तुझ्या गळ्यातल्या थायरॉइडला हाका मारून दमला, पण ती बया ढिम्म! आणि उंचीचं हार्मोन येतं गाढ झोपेत, लाटांसारखं. थायरॉइड सुस्त असली की त्या लाटाही दबतात. किती दबल्यात, ते आज रात्री बघायचं."

"मग मी वाढेन?"

"गोळ्या लागू पडल्या की वाढशील. पण आज झोप नीट हवी हं, नाहीतर सगळं पहिल्यापासून."

संध्याकाळी पिटुकली उशी काखेत मारून उभी राहिली. "मला मोठी खाट द्या."

"तुझ्या मापाची हीच. कठडा आहे, पडायची भीती नाही."

"आमची धाकटीसुद्धा कठड्यात झोपत नाही."

"काय हट्टी कार्टी आहे! मापाप्रमाणे खाट, नियम आहे इथला."

"रात्री दर वेळी रक्त काढायला तुम्ही कठडा खाली पाडणार. तो खडखडणार, मी दचकून उठणार. मग लाटा कुठून येणार? परत तपासणी. परत मी इथं एकटी."

सिस्टरबाईंनी मोठ्या खाटेवर चादर घातली.

"पांघरूण पण मोठं."

"अगं, हरवशील त्यात!"

"हाक मारा. मी ओ देईन."

पांघरूणही द्यावंच लागलं.