मागचं दार असलेला फ्लॅट

टेम्पोत शेवटचं गाठोडं चढलं तेव्हा शेजारची फातिमाचाची ओट्यावर उभी होती, पण आईकडे बघत नव्हती. आम्ही भिवंडी सोडतोय याचा तिला राग होता. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसं निघालीत, तीही आपल्या मुसलमान लोकांना घाबरून, असं तिला वाटत असणार. ते खरंही होतं आणि नव्हतंही. बाबा मान खाली घालून ड्रायव्हरशेजारी बसले.

तिथे राहिलेल्या आणि आमच्यासारख्या बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, चौऱ्याऐंशीच्या त्या दंगलीनंतर भीती पोटात कायमची बसली. मी तेव्हा दहावीत होते. गल्लीतले यंत्रमाग, आपले लूम, एकाएकी थांबले की काहीतरी झालंय, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळायचं. त्या दिवशी लूम थांबले आणि गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा सुरू झाला. आमचं पुढचं दार दोन लाथांत गेलं असतं. तेवढ्यात मागच्या बोळातून चाचीची हाक आली, "इधर से आओ, जल्दी." स्वयंपाकघराच्या दारातून आम्ही तिच्या घरात शिरलो आणि तीन दिवस तिथेच राहिलो.

मग बाबांनी घर शोधायला घेतलं. शाळेत क्लार्क असल्यामुळे त्यांना तक्ते आखायची भारी हौस. वहीत त्यांनी रकाने पाडले: ठिकाण, चौरस फुटाचा भाव, स्टेशनपासून अंतर, पाणी. शेवटचा रकाना 'मागचं दार'. दर रविवारी मला घेऊन निघायचे. ठाण्यात तर नुसता भाव ऐकूनच परतलो. ठाण्याच्या एका खोलीच्या पैशात डोंबिवलीत दोन, आणि बदलापूरला वर गॅलरी, हे गणित मला तोंडपाठ झालं होतं.

डोंबिवलीचा तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आईला फार आवडला. बाबा स्वयंपाकघरात जाऊन, भिंतीवरून हात फिरवून आले. एजंटला म्हणाले, "दार एकच हाय. मागून निघायचं कुठून?" तो बिचारा आधी हसला, मग बाबांचा चेहरा बघून कुलपाची किल्ली शोधू लागला. फ्लॅटला एकच दार असतं, हे बाबांना कोणीही सांगून पटेना. दिवाळीनंतर त्या बिल्डिंगचा भाव चढला आणि डोंबिवली हातची गेली.

शेवटी बदलापूरला तळमजला मिळाला. नवख्या बिल्डरने कटकट नको म्हणून स्वयंपाकघराची खिडकी फोडून दार बसवून दिलं. सगळी बिल्डिंग चोरांच्या भीतीने ग्रिल लावत होती आणि आम्ही भिंत फोडून घेत होतो! बाबांनी नोकरीही तिकडेच बघितली. मला मात्र तिथली शांतता खायला उठायची. लूमचा आवाज नाही म्हणजे काहीतरी झालंय, असंच कित्येक महिने वाटायचं.

पुढे काही वर्षांनी मुंबई पेटली. अफवा बदलापूरपर्यंत आल्या. एका दुपारी कोणीतरी सांगत आलं की ट्रक भरून माणसं येतायत. बाबांनी पुढच्या दाराला कपाट सरकवलं आणि मागचं दार उघडलं. मागे गुडघाभर गवत, त्यापलीकडे ओसाड माळ. ते उंबऱ्यावर नुसते उभे राहिले. माझ्याकडे वळून म्हणाले, "निघायला वाट हाय, पोरी. पन जायचं कुनाकडं?"

ट्रक काही आला नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा कापडवाला भिवंडीहून परतला. म्हणाला, तिकडे सगळं शांत आहे, लूम चालू आहेत. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आईने पिशवीत कपडे भरले. कल्याणहून भिवंडीच्या एसटीत बसलो. चाची दारात दिसेल की दार लावून घेईल, याचीच धाकधूक.

तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. राग गेला नव्हताच. "अब आए?" म्हणाली, आणि आईच्या हातातली पिशवी ओढून आत घेऊन गेली.

पत्ता विचारला की मी आजही बदलापूरचा सांगते. तिथले भावही आता चांगले चढलेत. पण त्या दिवशी जिवाच्या भीतीने आम्ही जिथे पळत गेलो, ते माझं घर.