म्हसोबाला बोललेला कोंबडा

जळकोटच्या आमच्या घरामागं आई खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची आणि औंदा तरी तलंगा जास्त निघू देत, म्हणून हात जोडायची. तलंगा म्हणजे कोवळ्या कोंबड्या, त्या वाढल्या तर अंडी मिळणार. पण दरवेळी ये रे माझ्या मागल्या. मी नववीत होते त्या वर्षी नऊ पिलं जगली, त्यातले सहा कोंबडे. तुरे लाल झाले तशा अंगणात मारामाऱ्या सुरू झाल्या. थोरला कोंबडा घरात होताच. हे सहा म्हणजे खायला काळ आणि भुईला भार. पाहुणा येणार म्हटलं की आई एकाला डालग्याखाली झाकायची.

असे पाच गेले. त्यांचा रस्सा मीही ओरपला, उगाच संतपणाचा आव आणत नाही. सहावा मात्र माझा होता. पिलू असताना तो पाण्याच्या घमेल्यात पडला होता आणि मी त्याला ओढणीत गुंडाळून वाचवला होता. तेव्हापासून तो माझ्या मागं मागं हिंडायचा. त्या अंगणाच्या आठवणीनं आजही जीव कासावीस होतो, तो बराचसा त्याच्यामुळं.

आत्याचे यजमान येणार असा फोन आला आणि आईनं डालगं काढलं. मी बोलून गेले, याला मी म्हसोबाला बोललेय, तुझा दुखरा गुडघा थांबावा म्हणून. धादांत खोटं! पण देवाला बोललेल्या कोंबड्याला आमच्या घरात कोणी हात लावत नाही. पाहुण्यांची पिठल्यावर बोळवण झाली. वडील दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. कोंबडा मात्र देवाच्या नावावर असा माजला की ज्वारीच्या पाटीत चढून खायचा.

नवस फेडावाही लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आखाड आला, बांधावरच्या म्हसोबाचा दिवस ठरला, वडिलांनी सुरीला धार लावून ठेवली. मी ताटावरून उठून कोंबड्यापाशी जाऊन बसले. खरं सांगावं तर देवाच्या नावावर खोटं बोलल्याचा मार, न सांगावं तर कोंबडा जाणार.

त्या दिवशी सकाळी आई चुलीपुढून भिंत धरून उठली.

"गुडघा कुठं थांबलाय माझा?" ती वडिलांना म्हणाली. "गुण न्हाय तर नवस कशाचा?"

वडिलांनी सुरी ठेवून दिली आणि तिला उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. आठवडाभर ती लंगडत होती, गोळ्या खात होती. मी मनातल्या मनात म्हणाले, सुटले बाई.

कोंबडा म्हातारा होऊन मेला. लग्नानंतर एकदा मी माहेरी आले होते, तेव्हा अमावस्येला आई नारळ घेऊन बांधाकडं निघाली. मीही सोबत गेले. वाटेत म्हणाली, त्या आखाडापासून एक अमावस्या चुकवली नाही. मला शरम वाटली. अखेर सांगून टाकलं की तो नवस मी बोललेच नव्हते, माझ्या खोट्यापायी तू कशाला नारळ फोडतेस.

"ते मला तवाच कळलं हुतं," आई म्हणाली. "पर गुडघा खरंच थांबला हुता गं. तुझं तोंड बघवंना, म्हणून गुण आला न्हाय असं म्या देवाला खोटंच म्हणलं."

तिनं शेंदूर लावलेल्या दगडापुढं नारळ फोडला आणि पुटपुटत माफी मागितली. मला रडू आवरेना.