लिस्बन ते हेलसिंकी, मध्ये ब्रसेल्स

मुलांनो, शाळेत भूगोलात माझा नेहमी पहिला नंबर यायचा, हे तुम्हाला ऐकून ऐकून पाठ झालंय. त्या भूगोलाचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकते.

माझी लेक लिस्बनला, मुलगा हेलसिंकीला. तुम्ही आते-मामे भावंडं एकमेकांना फक्त फोनवर ओळखता, याची मला फार खंत होती. आम्ही गल्फमधली माणसं अंतर व्हिसावर मोजतो. दोन्हीकडे एकच व्हिसा चालतो, म्हणजे दोन्ही गावं शेजारीच असणार, असं मी धरून चालले होते. इथे शारजात, आमच्या अल नहदा वस्तीतल्या मैत्रिणींनाही मी ऐटीत तसंच सांगायची.

दिवाळीच्या आधी लेकीला म्हटलं, शनिवार-रविवार जाऊन ये की भावाकडे. ती म्हणाली, भाऊबीजेला भावाने बहिणीकडे यायचं असतं. मुलाला म्हटलं, तर मागच्या वेळी तोच एकटा जाऊन आला होता, आता पाळी ताईची. वर रजेचं रडगाणं. मी त्याला सुनावलं, की संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तुझे बाबा रोज दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसातून शारजाला घरी यायचे, त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्याने उत्तरादाखल विमानाची माहिती पाठवली. तेहतीसशे किलोमीटरच्या वर, आणि थेट विमान मिळालं तरी साडेचार तासांहून जास्त. इथून मुंबई मला तीन तासांवर आहे.

एखादी बाई इथे गप्प बसली असती. मी पृथ्वीगोल काढला, दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला आणि बरोबर मध्यावर पेन्सिलीने खूण केली. ती ब्रसेल्सच्या आसपास आली. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी जाहीर केलं, की यंदाची भाऊबीज ब्रसेल्सला. दोघांना सारखाच प्रवास, कुणाला कमीपणा नाही.

धाकट्या नातीने विचारलं, "आजी, बट हू लिव्ज देअर?"

"कुणीच नाही. म्हणून तर ते योग्य आहे," मी म्हटलं.

आधी लेक हसली. "आई, ओवाळू कुठे, हॉटेलच्या लॉबीत?"

"पाट रिसेप्शनवर मागू," मुलगा म्हणाला.

"निरांजन लावलं की अलार्म वाजेल, बंब येईल."

"मग त्यांनाही ओवाळ. तेवढीच तुला जास्तीची ओवाळणी."

कित्येक महिने ही दोघं एकमेकांशी माझ्यामार्फतच बोलत होती. आता माझी टिंगल करण्यात त्यांचं क्षणात एकमत झालं. गणित तरी बरोबर आहे, एवढं मला सांगायचं होतं, पण ऐकतंय कोण!

हसू ओसरल्यावर मुलगा म्हणाला, "ताई, येतो मी. मुलांना घेऊन येतो."

"चार दिवस राहायचं. हजेरी लावून पळायचं नाही."

मग तिकिटं, रजा, कोण कुठे झोपणार, असं सुरू झालं. मधेच माझा कुकर वाजला आणि दोघंही एकदम म्हणाली, "आई, जरा म्यूटवर जा ना."

गेले. आणि पडद्यावर तुमची दोन्ही घरं माझ्याशिवाय बोलत राहिली.