फोटोतली चीर

कारखान्याच्या वर्धापनदिनी हरिभाऊंचा सत्कार झाला, तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. शेठनी त्यांना शाल पांघरली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. हरिभाऊंनी तो नारळ तिथेच कानाशी धरून हलवला, खिशातल्या किल्लीने वाजवला आणि शेठच्या हातात परत दिला. "आतून गेलाय हा. दुसरा असला तर बघा." मग शाल अंगावरून काढून उजेडाकडे धरली आणि विरली आहे का ते पाहिलं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण अजून व्हायचं होतं. त्यांनी ते आवरतं घेतलं.

सातिवलीतला तो छोटा कारखाना पितळी व्हॉल्व्ह बनवायचा. तयार झालेला प्रत्येक नग तपासून पास करायचं काम हरिभाऊंचं. पश्चिमेला, वसई गावाकडे, त्यांचं घर आणि केळीची वाडी होती. पण वाडी भावावर सोपवून ते तरुणपणीच कारखान्यात आले. "केळीवर संशय घेऊन घेऊन किती घेणार?" असं कारण ते देत. नग हातात आला की आधी किल्लीने वाजवायचा, मग भिंगाखाली धरायचा, शेवटी हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवायचा. बुडबुडा आला की नग बाद. गुळगुळीत नगाकडे ते जास्त वेळ बघत. "फार चांगला दिसतोय. याला काय झालंय?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. नव्या माणसांबद्दलही ते तोच विचारत. माझ्याबद्दल तर त्यांनी तो माझ्यासमोरच विचारला होता.

वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून वाचत. पहिल्या पानावर यायला लोकांनी फार खटपट केलेली असते, असं त्यांचं म्हणणं.

दोन हजार साल उलटल्यावर काही वर्षांनी शेठनी रंगीत पडद्याचा मोबाईल घेतला आणि त्यांच्या बोलण्यात 'ग्लोबल' हा शब्द शिरला. आमचा माल तोवर नाशिकच्या पलीकडे गेला नव्हता. आता गिऱ्हाइकाने नमुना बघायला यायला नको, फोटो थेट त्याच्या मोबाईलवर जाईल, असं ठरलं. ऑफिसात कॉम्प्युटर एकच आणि तो चालवणारा मीच. कॅमेऱ्यातला फोटो वजनाला भारी. मोबाईल तो घेत नसे. मग मी तो दाबून दाबून लहान करायचो, जाईपर्यंत.

नाशिकच्या गिऱ्हाइकाकडे माल तपासायला देवरेबाई होत्या. एका मोठ्या ऑर्डरीतल्या नगाचा फोटो मी त्यांना पाठवला आणि थोड्याच वेळात त्यांचा फोन आला. "मानेपाशी चीर आहे. माल पाठवू नका."

शेठ खाली उतरून आले. "हरिभाऊ, डोळे घरी ठेवून येता काय? ही ऑर्डर गेली तर तुम्हीही घरीच बसा."

हरिभाऊंनी तो नग पुन्हा वाजवला, भिंगाखाली फिरवला, पाण्यात धरून ठेवला. बुडबुडा आला नाही. मग तो फडक्यात गुंडाळून ते माझ्या टेबलापाशी आले.

"फोटोला काय केलंस?"

"लहान केला."

"लहान केल्यावर चीर पडते?"

मी त्यांना कॅमेऱ्यातला मूळ फोटो दाखवला. मान स्वच्छ होती. मग पाठवलेला दाखवला. पितळेच्या चकाकीचे चौकोनी तुकडे पडले होते आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर एक काळी रेघ उभी राहिली होती.

"लहान करताना कॉम्प्युटर थोडं थोडं टाकून देतो," मी म्हणालो. "डोळ्याला जाणवणार नाही तेवढंच."

"कोणाच्या डोळ्याला?"

मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले.

"म्हणजे असलेलं टाकतो आणि नसलेलं दाखवतो. आमच्याकडे मतं मागायला एकजण येतो, तो असाच."

कारण कळल्यावर शेठना हायसं वाटलं. "मग दुसरा चांगला फोटो पाठवा."

"नको," हरिभाऊ म्हणाले. "बाई म्हणतील, चीर पुसून पाठवली. मी असतो तर तेच म्हटलं असतं."

"मग हा नग घेऊन जा."

"एक नग नेला तर विचारतील, हाच तो कशावरून? सगळा माल नेतो. बघू दे त्यांना."

टेम्पो निघाला. कॉम्प्युटरचं समजावून सांगायला शेठनी मलाही पाठवलं.

देवरेबाई पन्नाशीच्या, सडपातळ, चष्मा कपाळावर चढवलेला. माझं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ठीक. पण फोटोतला नग हाच कशावरून?"

हरिभाऊंचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता. "बरोबर विचारलंत, ताई."

बाईंनी एकेक नग टाकीत बुडवायला घेतला. हरिभाऊ मदतीला पुढे झाले तर म्हणाल्या, "तुम्ही तिकडे बसा, भाऊ. तुमचा हात लागला की मला पुन्हा बघावं लागेल." ते स्टुलावर बसून राहिले. जेवायलाही उठले नाहीत. दिवस कलला, शेवटचं खोकं निघालं आणि पाण्यातून एक बुडबुडा वर आला. पाठोपाठ दुसरा. फोटोतला नग केव्हाच पास झाला होता. हा वेगळाच होता.

बाईंनी तो पुसून हरिभाऊंच्या हातात दिला. "एखादा सुटतोच, भाऊ. माल पास आहे."

परतीच्या वाटेवर तो नग त्यांच्या मांडीवर होता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "फोटो खरा आला असता, तर हा कोणाच्या तरी घरात बसला असता."

दुसऱ्या दिवशी शेठनी पेढे वाटले. हरिभाऊंनी तो नग शेठच्या टेबलावर ठेवला. "मला मोकळं करा."

"अहो, बाईंनी पास केलं ना?"

"माल पास केला. मला पास करायचं काम त्यांचं नाही."

शेठनी थांबवून पाहिलं, मी विनवलं, कामगारही गोळा झाले. त्या गर्दीकडे हरिभाऊंनी भिंगाखालचा नग बघावा तसं पाहिलं. "एवढं गोड का बोलताय सगळे?" असं विचारून ते वाडीवर निघून गेले.

त्यांच्या जागी आलेल्या माणसाकडे प्रमाणपत्रं होती. शेठनी ती चौकटीत घालून भिंतीवर लावली. नाशिकचा पुढचा माल तयार झाला, तेव्हा मी फोटो फारसा न दाबता पाठवायच्या खटपटीत होतो. तेवढ्यात बाईंचाच फोन आला.

"फोटो राहू द्या. माल कोणी तपासला?"

मी नव्या माणसाचं नाव सांगितलं.

"हरिभाऊ नाहीत?"

"नाहीत. त्यांनी काम सोडलं."

"मग माल तिथेच ठेवा," देवरेबाई म्हणाल्या. "मी स्वतः येते."