चौथा प्लग आणि दसऱ्याचा नारळ

माझा ट्रक मिसिंग मारायला, म्हणजे गचके खायला लागला तेव्हा मी गॅरेजला फोन केला, आणि तिथल्या डच बाईंनी मला दोन आठवड्यांनंतरची अफस्प्राक, म्हणजे भेटीची वेळ दिली. या देशात दाढ दुखो नाहीतर इंजिन, आधी वेळ घ्यावी लागते. मला तर दुसऱ्याच दिवशी नायमेखनहून लायडनला बारशाचं जेवण पोचवायचं होतं.

ट्रक म्हणजे फार मोठा नाही. मागे बंद पेटी असलेला, पेट्रोलवर चालणारा, म्हातारा. आधी तो एका फुलवाल्याकडे होता. त्यानं त्याला देशभर पिदडला, आणि मीही काही कमी केलं नाही. तेल बदललं तेच उपकार, प्लगकडे कोण बघतंय! वाल नदीच्या पुलावर चढताना तो असे आचके द्यायचा, की मागे आमटीची पातेली एकमेकांवर आपटायची.

“प्लग गेलेत. मी बदलतो,” नवरा म्हणाला.

माझं लाटणं थांबलं. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीतली त्याची इंजिनिअरची नोकरी गेल्यापासून तो सोफ्यावर बसून असायचा. दाढी वाढलेली, लॅपटॉप उघडा आणि नजर भलतीकडे. मी त्याच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलायचे. ‘चहा टाकू का’, ‘जेवतोस ना थोडं’. माझा मलाच तो आवाज ऐकवत नसे. घर आता माझ्या डब्यांवर चाललं होतं आणि डबे त्या ट्रकवर. माझ्या ट्रकला हात लावू नकोस, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच काहीतरी करतो म्हणाला होता. मी ‘बदल की’ म्हणाले, त्याच हळू आवाजात.

तो नवे प्लग आणि प्लगपाना घेऊन आला. दाढीसुद्धा केली. बाहेर भुरभुर पाऊस होता, म्हणून मी इंजिनावर छत्री धरून उभी राहिले.

पहिले तीन प्लग कुरकुरत का होईना, निघाले. टोकं पार झिजलेली, वर काजळी. “बघ, यांच्यावर चालत होता बिचारा!” तो म्हणाला. कामावरून आल्यावर दिवसभरातलं सांगायचा तेव्हाची ऐट त्याच्या आवाजात होती. मला फार बरं वाटलं.

चौथा हलेना. त्यानं मोबाइलचा उजेड आत पाडला. तळाशी लालसर चिखल होता आणि त्यात तांदळाचे दाणे. मी वाकून पाहिलं आणि आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

दसऱ्याला आम्ही ट्रकची पूजा करतो. लोक चाकाशी नारळ फोडतात. आमच्या इंजिनिअरांचं म्हणणं, कष्ट इंजिन करतं आणि मान चाकाला का? म्हणून आमच्याकडे बॉनेट उघडून इंजिनालाच हळदकुंकू, अक्षता आणि वरून नारळाचं पाणी. त्या प्लगवरचं रबर फाटलेलं होतं, आणि दर दसऱ्याचं पाणी तिथूनच आत उतरलं होतं. प्लग गंजून चिकटून बसला होता.

“देव पावला,” मी म्हणाले. तो हसला, मग मीही हसले.

त्यानं गंज सोडवायचं तेल मारलं.

“राहू दे रात्रभर,” मी म्हणाले.

“आणि सकाळी निघणार कशी?” त्यानं पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी अडकवली आणि अंगाचा भार टाकला. कट्ट. प्लगचा वरचा तुकडा पान्यात आला, खालचा इंजिनातच राहिला.

“झालं समाधान?” माझा आवाज अख्ख्या गल्लीत गेला. “स्वतःची नोकरी गेली, आता माझीही घालव!”

समोरून कुत्र्याला घेऊन चाललेली शेजारीण थबकली. तिला मराठी कळायची गरज नव्हती.

तो तुटका तुकडा हातात धरून उभा होता. शब्द परत गिळता आले असते तर मी गिळले असते.

“बरं झालं बोललीस,” तो म्हणाला. “इतके महिने तू इतकी गोड बोलत होतीस, की वाटायचं, मी आता रागवायच्याही लायकीचा राहिलो नाही.”

मी आत जाऊन परातीत पीठ घेतलं आणि मळायला लागले. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. बाहेर तो फोनवर बोलत होता. नोकरी गेल्यापासून त्यानं आपणहून कुणाला फोन केला नव्हता, आलेलेही घेत नसे. आता एका दिवसासाठी भाड्यानं गाडी मागत होता, मोडक्यातोडक्या डचमध्ये.

“धंदा माझ्या बायकोचा आहे,” तो सांगत होता. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. “मी? मी तिच्याकडे कामाला आहे.”

हे त्यानं सहज म्हटलं की जिव्हारी लागून, मला आजही ठरवता येत नाही. मी मळायची थांबले.

तो आत आला तो दारापर्यंतच. “सकाळी गाडी मिळतेय,” म्हणाला. “मी येऊ का चालवायला?”

आणि मी हो म्हणेपर्यंत तो स्वतःच्याच घराच्या दारात उभा राहिला.