व्हॅनमध्ये कोंडलेली हळद

आमच्या व्हॅनचं सेंट्रल लॉकिंग माझा अपवाद सोडला तर सगळ्यांसाठी उत्तम चालत असे.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. (खोटं कशाला बोलू? तक्रार म्हणूनच सांगतोय!) व्हॅन मी घेतली, रविवारी बादली-फडकं घेऊन मी धुतली, तिच्या डॅशबोर्डवर गणपती मी चिकटवला, आणि ती वाकड्यात शिरायची ती फक्त माझ्याच. त्या काळी आमच्या फुलपाड्यात रिमोट म्हणजे टीव्हीचा. गाडीला रिमोट ही नवलाई होती. कामणच्या बाजूला गोदामांच्या टेंपोंची कामं करणारा पप्पू नावाचा इलेक्ट्रिशियन होता, त्याच्याकडून मी हौसेनं ते लॉकिंग बसवून घेतलं. एकच बटण. दाबलं की खटॅक, सगळी दारं बंद. पुन्हा दाबलं की खटॅक, सगळी उघडी. वर गाडीचे दिवे लुकलुकायचे ते वेगळंच. सोसायटीतले लोक गॅलरीत येऊन बघायचे.

त्याच्यासोबत दोन रिमोट मिळाले. एक किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला. दुसरा बायकोनं, म्हणजे रजनीनं, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "हा जपून ठेवा. छत्र्यांसारखा करू नका."

छत्र्यांचा उल्लेख अनाठायी होता. पण मीही जिद्दीला पेटलो. रोज मुंबईला जाणारा माणूस मौल्यवान वस्तू जिथे ठेवतो तिथेच मी तो रिमोट ठेवला. पँटच्या पट्ट्याखाली, शिंप्याकडून खास शिवून घेतलेल्या चोरखिशात! पँट बदलली की अडीअडचणीच्या नोटेबरोबर रिमोटही नव्या पँटीच्या चोरखिशात जाई. पुढे पुढे हे इतकं अंगवळणी पडलं की माझ्या पोटाशी काही आहे याची मला आठवणही राहिली नाही.

आणि मग व्हॅननं माझा छळ मांडला. मी दार उघडायला जावं की ती बंद. भाजीच्या पिशव्या खाली ठेवाव्यात तोवर पुन्हा उघडी. मी पप्पूकडे हेलपाटे घालून थकलो. त्याच्या दुकानात मी रागानं हाताची घडी घालून खुर्चीत ताठ बसायचो, तो बटणं दाबायचा, आणि ती गाडी गुणी लेकरासारखी वागायची.

"साहब, हमारे पास तो बराबर चलता है," तो म्हणायचा.

"मग मी खोटं बोलतो?"

"ऐसा नहीं साहब. लेकिन आप जाते हो तब बिगड़ता है, आप बैठते हो तब नहीं बिगड़ता."

या माणसाला लाज नावाची चीज नव्हती! शेजारच्यांनी खाऱ्या हवेपासून उंदरांपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. मी स्वतः दाराचं कव्हर काढून वायरी तपासल्या, टेप गुंडाळली, कव्हर परत लावलं. त्यात दोन स्क्रू उरले ते अजून उरलेलेच आहेत.

अशात माझ्या मेहुण्याचं लग्न ठरलं. मुलगी निर्मळची, केळीच्या बागांच्या घरातली. नवऱ्याला लागलेली उष्टी हळद नवरीकडे पोचवायचा मान करवलीचा, आणि करवली म्हणजे नवऱ्याची बहीण, आमची रजनी. सासूबाईंनी तिच्या हातात हळदीचं तबक दिलं आणि बजावलं, "नवरीच्या दारात जाईपर्यंत खाली टेकवायचं नाही हं!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जावईबापू, तुमची ती गाडी... नीट चालते ना?"

"चालण्याचा प्रश्नच नाही," मी म्हणालो. (ते खरंच होतं. चालायची झकास. उघडायची नाही!)

बाकी मंडळी मागून येणार होती. आम्ही दोघंच पुढे निघालो. रजनी मधल्या सीटवर तबक धरून बसली, तिच्या दोन्ही बाजूंना ओटीचं सामान आणि फळांच्या करंड्या. निर्मळला पोचलो तर अंगणात मांडव, सनई-चौघडा, आणि नवरी पाटावर बसलेली. सकाळपासून उपाशी, आणि हळद लागेपर्यंत उठायचं नाही अशी त्या घरची रीत. भटजींनी काढून दिलेली वेळ टळायला आली होती. नवरीची आत्या मांडवाच्या तोंडाशी उभीच होती.

"आली, आली, हळद आली! लवकर उतरा, पोर भुकेनं कासावीस झाली!"

मी ऐटीत उतरलो, रजनीसाठी दार उघडायला गेलो. त्या व्हॅनचं मधलं दार सरकतं, आणि हँडल अगदी खाली. मी वाकलो.

खटॅक!

मी सरळ होऊन बटण दाबलं. उघडलं. वाकलो. खटॅक! पुन्हा दाबलं, पुन्हा वाकलो, पुन्हा खटॅक! व्हॅनचे दिवे आनंदानं लुकलुकत होते.

"अहो, काय चाललंय?" रजनी आतून ओरडली. मधली काच चारच बोटं सरकायची, त्या फटीतून तिचा एक डोळा आणि नाक दिसत होतं.

"तू आतून खुंटी ओढ!"

"कशानं ओढू? दातांनी? हातात तबक आहे!"

"ठेव सीटवर क्षणभर!"

"आईनं काय सांगितलंय? तुमच्या गाडीपायी मी अपशकुन करू?"

तुमच्या गाडीपायी! हिच्याच माहेरची हळद, हिच्याच भावाचं लग्न, आणि गाडी तेवढी माझी! एव्हाना सनईवाले वाजवायचे थांबून बघायला आले होते. नवरीचे काका, भास्करकाका, पुढे झाले. धिप्पाड माणूस, रोज बागेत राबलेला.

"पाहुने, सरा जरा, मी बघतो."

"थांबा!" मी त्यांचा हात धरला. "याची एक पद्धत आहे. सगळ्यांना नाही जमत."

"पन तुमाला तरी कुठं जमतंय?"

हा अपमान मी गिळला. मी बटण दाबलं, काकांनी हँडलला हात घातला, तर ते कसं धरायचं हे दाखवायला मीही त्यांच्या शेजारी वाकलो. खटॅक! त्यांच्या हातातच दार घट्ट झालं. काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला फुलपाड्याला पायी परत जावंसं वाटलं.

"नजर लागलीय गाडीला," आत्या म्हणाली. "नारळ फोडा, नारळ! कोन आनतं रे नारळ?"

मी शिकलेला माणूस. वायरिंगच्या दोषाला नारळ हे काही मला पटेना. पण मांडवातून कुणीतरी ओरडलं, "नवरीला चक्कर येतेय!" आणि माझं शिक्षण जागच्या जागी संपलं. मी नारळ हातात घेतला, गाडीवरून ओवाळला आणि वाकून चाकासमोरच्या दगडावर आपटला.

खटॅक! दारं उघडली!

"नारळ पावला!" आत्या ओरडली. आजूबाजूच्या बायकांनी हात जोडले. मीही सद्गदित झालो, आणि आता प्रसाद मातीत कशाला, म्हणून खोबऱ्याचे तुकडे गोळा करायला वाकलो.

खटॅक!

फटीतून रजनीचा एक डोळा माझ्याकडे बघत होता. तेवढा एकच पुरे होता.

"पाहुने," भास्करकाका फार सभ्यपणे म्हणाले, "त्या किल्ल्या इकडं द्या, आनि तुम्ही तिकडं खुर्चीत बसा. सरबत घ्या."

मला जाम राग आला. म्हणजे मी बसवून घेतलं, मी वायरी तपासल्या, मी नारळ फोडला, आणि आता मीच बाजूला बसायचं? मी किल्ल्या त्यांच्या हातात आपटल्या, तरातरा जाऊन खुर्चीत ताठ बसलो आणि हाताची घडी घातली. सरबत घेतलं नाही. (नंतर घेतलं. चांगलं होतं.)

काकांनी बटण दाबलं. दार सरकवलं. रजनी तबक घेऊन खाली उतरली. बस्स, इतकंच! सनई सुरू झाली, बायकांनी तिच्या पायावर पाणी घातलं, वेळ टळायच्या आत नवरीला उष्टी हळद लागली आणि त्या पोरीच्या तोंडात एकदाचा पेढा गेला. "भास्करचा हातगुनच तसा," सगळे म्हणू लागले. हातगुण! बटण दाबायला कसला आलाय हातगुण? गुणच बघायचा तर इतके महिने त्या गाडीशी झगडणाऱ्या माणसाच्या सहनशक्तीचा बघा की!

मी हे रजनीला ऐकवणार होतो, पण तिनंच मला कोपऱ्यात गाठलं. "इतक्या लोकांना ताटकळत ठेवलंत. आता निदान त्यांच्या आजोबांच्या तरी पाया पडा."

नवरीचे आजोबा ओटीवर बसले होते. शेजारी त्यांचे दोन भाऊ आणि म्हातारी बहीण, सगळे ओळीनं. मी गेलो, नम्रपणे वाकलो, आजोबांच्या पायाला हात लावला.

अंगणातून आवाज आला. खटॅक!

आजोबांनी आशीर्वाद देता देता मान उचलून गाडीकडे पाहिलं. मी पुढच्या पायांशी वाकलो. खटॅक! दिवे लुकलुकले. तिसऱ्या पायांशी वाकलो. खटॅक! आता मांडवातली सगळी माणसं कधी माझ्याकडे, कधी व्हॅनकडे बघत होती. भास्करकाकांनी हातातल्या किल्ल्या लांब धरल्या आणि जाहीर केलं, "मी कायपन दाबलेलं नाय!"

आजोबांच्या बहिणीच्या पाया पडायचं राहिलं होतं. मी अर्ध्यात थांबलो. तिथेच, ओणव्या अवस्थेत, मला माझ्या पोटाशी काहीतरी टोचतंय असं जाणवलं. मी हळूच आणखी थोडा वाकलो.

खटॅक.

रजनी जवळ आली. सगळ्या व्याह्यांसमोर तिनं माझ्या पट्ट्याखाली दोन बोटं घातली आणि रिमोट बाहेर काढला. त्याला अडीअडचणीची नोट चिकटली होती.

"जपून ठेवलात," ती एवढंच म्हणाली.

वायरी ठीक होत्या. उंदीर निर्दोष होते. खारी हवा निर्दोष होती. पप्पू, ज्याला मी त्याच्याच दुकानात चोर म्हणालो होतो, तोही निर्दोष होता. दोष होता तो माझ्या पोटात, आणि तो दुरुस्त करणारं दुकान काही कामणला नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा आजोबा इतके हसत होते की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि पाटावरची नवरी हळदीच्या हातांनी तोंड झाकून हसत होती.

ती व्हॅन विकून आता किती तरी वर्षं झाली. रिमोट गेला, चोरखिसे गेले. (पोट आहे.) पण निर्मळला कुठलंही कार्य असलं की मी आजही ओटीवर जातो, तिथे बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोर हात जोडून वाकायला लागतो, आणि ती सगळी म्हातारी माणसं घाईघाईनं पाय मागे घेतात.

"राहू द्या पाहुने, राहू द्या! दार लागेल!"